पल्ला आणि पल्लेदार

शब्दाचा अर्थ पाहावयाचा तर कोश उघडून बसावें, ही रीत खरीच. परंतु कित्येकदां कोशांत न सांपडणारा अर्थ रस्त्यावर उभें राहिलें असतां कानीं पडतो. रत्नागिरीहून मुंबईकडे, गोव्याकडे किंवा घाटावर कोल्हापुराकडे जाणाऱ्या मनुष्यास हातखंबा हें ठिकाण चांगलेंच परिचित असतें. शहरापासून दहापंधरा किलोमीटरांवर, मुंबई-गोवा महामार्गास रत्नागिरीचा रस्ता जेथें मिळतो, तेथें हा तिठा आहे. दक्षिणेस पुढें पाली लागते, आणि तेथून कोल्हापुरची वाट आंबा घाटाकडे वळते. या तिठ्यावर गाडीची वाट पाहत असतां एके दिवशीं एक गाडी न थांबतां धुरळा उडवीत निघून गेली. हात पुढें करून उभे असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं हात खालीं घेतला आणि शेजाऱ्यास शांतपणें सांगितलें, "ती लांब पल्ल्याची, ती आपल्यासाठीं नव्हे."

तेव्हां सहज मनांत आलें कीं, हाच पल्ला आपण वक्त्याच्या वाणीसहि जोडतों. एखाद्याचें भरघोस, घुमणारें, लांबलांब वाक्यांचें भाषण ऐकून बाहेर पडतांना आपण म्हणतों, "काय पल्लेदार बोलले!" गाडीचा पल्ला आणि भाषणाचा पल्ला हे एकच कीं निरनिराळे? एकच असतील तर भाषण निघून कोठवर जातें? आणि वाटेंत हात पुढें करून उभ्या असलेल्या मनुष्यासाठीं तें थांबतें कीं नाहीं? पुढील विवेचन या प्रश्नांच्या मागें मागें जाण्याचा एक प्रयत्न आहे.

शब्दाच्या मुळाकडे जाण्यापूर्वीं एक पथ्य सांगून ठेवणें बरें. हातखंबा या नांवांत हात आणि खांब हे दोन शब्द कानाला इतके स्पष्ट ऐकूं येतात कीं, तिठ्यावर वाट दाखविणारा, हात रंगविलेला खांब लगेच डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु कानाला गोड लागलेली व्युत्पत्ति खरी असतेच असें नाहीं. जुन्या कागदपत्रांचा आधार मिळाल्यावांचून तिला कल्पनेपलीकडे किंमत देतां येत नाहीं. 'पल्लेदार' शब्दाच्या बाबतींतहि हेंच पथ्य पाळावयास हवें.

मराठींत पल्ला हा शब्द एक नसून एकाच नांवाचे तीनचार गृहस्थ एका आळींत राहावे तसा प्रकार आहे. दाराचें किंवा खिडकीचें झडप तो एक पल्ला. वस्त्राचें टोंक, ज्यास आपण पदर किंवा पालव म्हणतों, तो दुसरा. धान्याचें १२० शेरांचें, म्हणजे तीन मणांचें माप तो तिसरा. आणि अंतर, टप्पा, मजल हा चौथा. यांपैकीं वस्त्राच्या टोंकाचा पल्ला संस्कृत 'पल्लव' शब्दाच्या घराण्यांतला दिसतो. कोंवळ्या पालवीचा शेंडा तोच वस्त्राचा शेव झाला. उलट फारसी भाषेंत पल्ला म्हणजे तराजूचें पारडें, आणि मापाचा पल्ला त्या पारड्याच्या जवळचा नातलग वाटतो. उत्तर हिंदुस्थानच्या धान्यबाजारांत आजहि पल्लेदार म्हणजे पाठीवर पोतीं वाहणारा हमाल. मराठी मनुष्य तेथें जाऊन एखाद्या वक्त्यास पल्लेदार म्हणूं लागला तर ऐकणारास मोठें नवल वाटेल!

आपल्या पल्लेदार शब्दाचा संबंध मात्र चौथ्या पल्ल्याशीं, म्हणजे अंतराशीं आहे. वस्त्राचें टोंक आणि अंतराचें टोंक या दोहोंत 'शेवटची कड' ही कल्पना समान आहे, आणि तिच्याच द्वारें हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले असावेत असें आम्हांस वाटतें. तें कसेंहि असो, 'पल्ला गांठणें' म्हणजे ठरविलेल्या टोंकास जाऊन पोंचणें, याविषयीं कोणाचेंच दुमत होणार नाहीं. तोफेचा पल्ला, बंदुकीचा पल्ला, बाणाचा पल्ला, नजरेचा पल्ला, असे प्रयोग आपण करितों; त्या प्रत्येकांत एक टोंक सोडणाराच्या हातीं असतें आणि दुसरें जेथें वस्तु जाऊन लागते तेथें. पल्ला मोजावयाचा तो या दुसऱ्या टोंकास उभें राहून.

शब्दाचा उत्तरार्ध जो 'दार' तो निःसंशय फारसी. बाळगणारा, धारण करणारा, हा त्याचा अर्थ. किल्लेदार, सुभेदार, फौजदार हे शब्द राज्यव्यवहाराबरोबर आले; पण मराठीनें या प्रत्ययास आपल्या घरांत इतकें मोकळें वागूं दिलें कीं, टोंकदार, पाणीदार, डौलदार असे शब्द ती स्वतःच घडवूं लागली. भाषाशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर फारसी 'दार' आणि संस्कृत 'धृ' धातु हे एकाच प्राचीन हिंदइराणी मुळाचे फांटे आहेत. तेव्हां जो परका म्हणून आला तो दूरचा भाऊबंदच निघाला.

या प्रत्ययाची आठवण रत्नागिरीच्या परिसरांत विशेष होते. इ. स. १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर रत्नागिरींत स्थानबद्ध होते, आणि भाषाशुद्धीच्या चळवळीस त्यांनीं जोर दिला तो याच काळांत. फारसी आणि इंग्रजी शब्द काढून टाकून त्यांच्या जागीं स्वकीय शब्द योजावे, हा त्यांचा आग्रह. परंतु त्यांच्या सभा ऐकलेले लोक त्यांच्या वक्तृत्वाचें वर्णन करूं लागले कीं ओठावर येणारा पहिला शब्द 'पल्लेदार' हाच, आणि तो त्यांच्याच कसोटीस निम्मा तरी अशुद्ध! माधवराव पटवर्धनांचेंहि उदाहरण असेंच मौजेचें आहे. इ. स. १९२५ मध्यें फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारे हे पंडित पुढें भाषाशुद्धीचे कैवारी झाले. कोणता शब्द कोठून आला हें ठाऊक असणें आणि तो जिभेवरून पुसून टाकणें या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हें यावरून दिसतें.

आतां शब्दाच्या अंतरंगाकडे वळूं. कोंकणांत वाडी एका उतारावर तर शेत समोरच्या उतारावर, मध्यें ओहोळ आणि वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, असा देखावा पदोपदीं दिसतो. पलीकडच्या मनुष्यास कांहीं सांगावयाचें तर उतरून चढून जाण्यापेक्षां हांक मारणें सोपें. म्हणूनच आपण जवळच्या घराविषयीं म्हणतों कीं, तें हांकेच्या अंतरावर आहे. ही केवळ बोलण्याची लकब नव्हे. संस्कृतांत 'क्रुश्' म्हणजे ओरडणें. त्यापासून 'क्रोश' म्हणजे आरोळी, आणि पुढें आरोळी जेथवर ऐकूं जाईल तें अंतर. हा क्रोशच मराठींत 'कोस' झाला. पुढें कोस साधारण दोन मैलांचा ठरला आणि त्यांतील आरोळी लोक विसरले. 'आक्रोश' शब्दांत मात्र ती अजून ऐकूं येते. सारांश, आपल्या पूर्वजांनीं एकीकडे आवाजानें अंतर मोजिलें आणि दुसरीकडे अंतरानें आवाज मोजिला. कोस हें पहिल्याचें उदाहरण, पल्लेदार हें दुसऱ्याचें.

इतर भाषांनीं हीच वस्तु कशी मोजिली हें पाहिलें म्हणजे मराठीचें वैशिष्ट्य नजरेंत भरतें. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील रोमन कवि होरेस यानें आपल्या काव्यकलेवरील पद्यग्रंथांत ग्रीकांच्या वाणीची प्रशंसा करितांना 'वाटोळें मुख' ही कल्पना योजिली. मुख वाटोळें करून उच्चारलेला शब्द भरीव आणि घुमणारा होतो, हा त्यांतील अनुभव. त्या दोन लॅटिन शब्दांचा जोड घालून अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजींत 'ओरोटंड' असा शब्द घडला, आणि फिलाडेल्फियाचे वैद्य जेम्स रश यांनीं इ. स. १८२७ मध्यें मनुष्याच्या आवाजावर जो ग्रंथ लिहिला त्यांत त्यास शास्त्रीय संज्ञेचें स्थान मिळालें. पुढें त्याच शब्दास पोकळ डामडौलाचाहि वास येऊं लागला. हा सर्व इतिहास बोलणाराच्या तोंडाचा आहे. संस्कृत साहित्यशास्त्रानें असल्या रचनेस 'ओज' हा गुण मानिला, आणि दंडीनें समासांची विपुलता हें त्याचें लक्षण सांगून तो गद्याचा प्राणच ठरविला. येथें मोजमाप शब्दांच्या गुंफणीचें आहे. मराठीचा खणखणीत हा शब्द नाण्याच्या किंवा भांड्याच्या नादावरून आला. ओघवती वाणी नदीवरून, आणि अस्खलित वाणी न अडखळतां चालणाऱ्या मनुष्यावरून. पल्लेदार हा एकच असा शब्द आहे कीं, जो बोलणाराच्या तोंडाकडे न पाहतां, ऐकणारा जेथें उभा आहे तिकडे पाहतो.

याच्या उलट बाजूचाहि एक शब्द पाहण्यासारखा आहे. अर्थावांचून शब्दांचा डोलारा उभारला म्हणजे त्यास आपण शब्दावडंबर म्हणतों. वैदिक काळीं 'आडंबर' हें एका प्रकारच्या नगाऱ्याचें नांव होतें. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेंत तो वाजविणाराचा उल्लेख येतो. नगाऱ्याचा आवाजहि दूर जातो. परंतु नगारा वाजला, यापलीकडे तो कांहींच कळवीत नाहीं. दूर जाणें आणि पोंचणें यांतील हें अंतर ध्यानांत ठेविलें पाहिजे, कारण पल्लेदार आणि आडंबर यांच्या सीमा एकमेकींस लागून आहेत.

तोफेचा हा शब्द वाक्यावर कसा येऊन बसला? मराठी गद्य मुळांत लांब वाक्यांचें नव्हतें. तेराव्या शतकांतील लीळाचरित्राचीं वाक्यें आटोपशीर, बोलल्यासारखीं आहेत. बखरकारांचीं वाक्येंहि पुष्कळदां तुटक आणि धांवतीं असतात. दूरवर पोंचविण्याची जबाबदारी त्या काळीं वाक्यावर नसून आवाजावर होती. देवळाच्या सभामंडपांत उभा राहिलेला कीर्तनकार खांबाआड बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत शब्द नेऊन पोंचवी. इ. स. १८४३ मध्यें विष्णुदास भाव्यांनीं सांगली येथें नाटक उभें केल्यानंतर हें काम नटाकडेहि आलें. रंगभूमीवर आपण 'शब्दांची फेंक' म्हणतों, तीहि त्याच शस्त्रविद्येंतली उपमा: जें फेंकावयाचें त्यास पल्ला हा असणारच.

वाक्यास पल्ला आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. जानेवारी १८७४ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली, आणि तिचे ८४ अंक निघाले. संस्कृताचा संस्कार घरांतून, आणि जॉन्सन व मेकॉले यांच्या इंग्रजीचा संस्कार वाचनांतून, असे दोन प्रवाह त्यांच्या लेखणींत एकत्र आले. वक्तृत्वावर त्यांनीं स्वतंत्र निबंधच लिहिला. इ. स. १८७५ मध्यें न्यायमूर्ति रानड्यांच्या पुढाकारानें पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि छापील पानावरील वाक्य व्यासपीठावर येऊन उभें राहिलें. इ. स. १८९८ पासून 'काळ' पत्र चालविणारे शिवरामपंत परांजपे यांनीं लेखनांत आणि भाषणांत या वाक्यास वक्रोक्तीची धार दिली.

अशा वाक्याचें मर्म त्याच्या लांबींत नसतें. मराठींत क्रियापद शेवटीं येतें. जो मनुष्य सभेंत उभा राहून एका मागून एक उपवाक्य उभारीत जातो, ज्याचें प्रत्येक उपवाक्य मागच्यापेक्षां थोडें उंच चढतें, आणि तरीहि ज्याच्या शेवटच्या क्रियापदाशीं पोंचेपर्यंत ऐकणाराच्या हातचा धागा सुटत नाहीं, त्याचेंच वाक्य पल्लेदार होय. धागा मध्येंच सुटला तर तें नुसतें लांब. तोफेचा गोळा किती वेळ हवेंत होता यावरून कोणी तोफेची परीक्षा करीत नाहीं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सभास्थानीं एक नवें यंत्र येऊन बसलें. त्याचें 'ध्वनिक्षेपक' हें मराठी नांव सावरकरांनीं घडविल्याचें सांगितलें जातें. क्षेपक म्हणजे फेंकणारा. फेंक यंत्राकडे गेली, आणि पल्ला विजेच्या तारेवर अवलंबून राहिला. यांत वाईट कांहीं झालें नाहीं; नाजुक आवाजाच्या स्त्रीपुरुषांसहि सभेंत बोलतां येऊं लागलें, हा मोठाच लाभ. परंतु पल्लेदार शब्दाचें माप मात्र हरवलें. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातोच आहे, तेव्हां आपणहि पोंचलों, असा समज वक्त्यास होऊं लागला. पल्लेदार म्हणजे लांब, भारी शब्दांचें, टाळ्या घेणारें, एवढाच अर्थ उरला. आणि आज कित्येक जण हा शब्द किंचित् ओंठ मुडपूनच उच्चारितात.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं स्वतःचीच एक गोष्ट सांगतों. शाळेंत असतां वक्तृत्वाच्या चढाओढींत आम्हीं भाग घेतला होता. विषय होता शेतकरी. भाषण लिहून मिळालेलें. त्यांत शेतकरी भूमातेचा सुपुत्र होता, घर्मबिंदूंचीं मोत्यें पेरणारा होता, आणखी पुष्कळ कांहीं होता. आम्हीं तें न अडखळतां म्हटलें आणि बक्षीस मिळविलें. घरचा जुना गडी आम्हांस न्यावयास आला होता, तो मागें भिंतीशीं उभा राहून सगळें ऐकत होता. परततांना वाटेंत त्यानें मोठ्या कौतुकानें विचारलें, "बाळा, झकास बोललास हो! पण तें कुणाबद्दल बोलत होतास तूं?" जन्मभर भातशेती केलेल्या त्या मनुष्यास त्या भाषणांत आपण आहों हें ओळखतां आलें नव्हतें. त्या दिवशीं आम्ही हंसलों. आज हंसूं येत नाहीं. आवाज भिंतीपर्यंत गेला होता; भाषण व्यासपीठाखालींहि उतरलें नव्हतें.

याच्या उलट उदाहरण रत्नागिरींतच जन्मलेल्या पुरुषाचें आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म तेथें २३ जुलै १८५६ रोजीं झाला. अलंकारिक वक्ते म्हणून त्यांची ख्याति कधींच नव्हती. त्यांचें बोलणें सरळ आणि मुद्द्यास धरून असे. इ. स. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत त्यांनीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत ज्यूरीपुढें इंग्रजींत आपला बचाव केला. कित्येक दिवस मिळून तें भाषण २१ तासांहून अधिक चाललें. त्यांत कायदा होता, भाषांतरांतील चुकांचा काथ्याकूट होता, आणि आज तें मुख्यतः अभ्यासकच वाचतात. २२ जुलै रोजीं ज्यूरीनें सातांविरुद्ध दोन मतांनीं त्यांस दोषी ठरविलें. कांहीं सांगावयाचें आहे काय, असें न्यायमूर्ति दावरांनीं विचारल्यावर टिळकांनीं दोनचार वाक्यांत आपलें निर्दोषत्व आणि न्यायालयाहून वरिष्ठ अशा शक्तीवरील श्रद्धा सांगितली, आणि सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ऐकली. तीच वाक्यें इ. स. १९५६ मध्यें त्याच न्यायमंदिरांत शिलेवर कोरून लावण्यांत आलीं, आणि मुख्य न्यायाधीश छगला यांच्या हस्तें त्या शिलेचें अनावरण झालें. ज्या दालनांत शिक्षा झाली त्याच्या दारावर, तेंहि न्यायसंस्थेनें आपल्याच हातानें! ४८ वर्षांचें अंतर तोडून गेलेलीं तीं दोनचार वाक्यें लांब नव्हतीं, घुमणारींहि नव्हतीं. पण त्यांना पल्लेदार म्हणूं नये तर कशास म्हणावें?

तेव्हां शब्द टाकून देण्याचें कारण नाहीं. त्याचें माप परत आणलें पाहिजे. घरोघर मुलांस वक्तृत्व शिकविलें जातें, तें जरूर शिकवावें. वाटोळ्या मुखानें उच्चार करणें, श्वास राखणें, क्रियापदापर्यंत दम टिकविणें, हें सर्व शिकण्यासारखें आहे. फक्त भाषण संपल्यावर टाळ्या किती पडल्या हें विचारण्यापूर्वीं, मागें भिंतीशीं उभ्या असलेल्या मनुष्यास काय समजलें हें एकदां विचारण्याची संवय त्यांस लावावी. ज्ञानदेवांनीं इ. स. १२९० च्या सुमारास ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायांत सज्जनाच्या वाणीचें वर्णन करितांना खरेपणा, मृदुता, मोजकेपणा आणि रसाळपणा हे गुण एकत्र मागितले आहेत. त्यांत लांबीचें नांव नाहीं.

हातखंब्याच्या तिठ्यावरील त्या वृद्ध गृहस्थांस पुढें पाऊण तासानें गाडी मिळाली. ती जवळच्याच गांवची होती, जुनी आणि खडखडणारी. पण ती थांबली, आणि वाहकानें हात देऊन त्यांस वर घेतलें.